सतरा नंबरची किल्ली

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार घे. सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी ठकीला पडून राहायला सांगितलंय हे वाचून तुझी भावजय म्हणाली, "त्या पोरीला पडून राहायला सांगणं म्हणजे वाऱ्याला बस म्हणण्यासारखं आहे." रक्तदाब आहे म्हणजे काळजी घ्यायला हवी, पण पहिलं बाळंतपण आणि आई उशाशी, त्यामुळे मी निर्धास्त आहे. फोन जिन्याखाली घरमालकाच्या दारात, आणि तो वाजला की ठकी दचकते, म्हणून फोन करायचा नाही असं तू बजावलंस. मान्य. पत्रं लिहितो. शाळेत माझे निबंध तू लिहून द्यायचीस, त्याची फळं भोग आता.

इकडची बातमी अशी की आमचा जुना करार संपला आणि नव्याची बोलणी सुरू झाली. युनियनने मला कमिटीवर घेतलंय. हसू नकोस. खांबावर चढणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवलं की काय होतं ते मी रोज अनुभवतोय. वीज कंपनीच्या मुख्य कचेरीत लांब टेबल आहे. त्यांच्या बाजूच्या खुर्च्यांना हात आहेत, आमच्या बाजूच्यांना नाहीत. बोलणारा साहेब इतकं हळू आणि गोड बोलतो की आम्ही त्याचं नाव खडीसाखर ठेवलंय. चघळायला गोड, चावायला गेलात तर दात गेला.

खडीसाखर म्हणतो, पगारवाढ देतो, तुम्ही मागितली त्याहून थोडी जास्तच देतो. पण दोन गोष्टी सोडा. एक म्हणजे जोडी. आजवर लाइनवर दोघे जायचे, आता एका गाडीत एकच जाईल. दुसरी गोष्ट कुलपाची. त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन, आत्ता डोकं चालत नाही.

दाजी मजेत आहेत. खांदा दुखावल्यापासून स्टोअरमध्ये तारा मोजतात आणि कंटाळतात. संध्याकाळी जेवायला आमच्याकडेच येतात. काल भाजी करपली होती तरी दोनदा घेतली. तू नसलीस की तुझ्या नवऱ्याला सगळंच गोड लागतं, यातून काय घ्यायचा तो बोध घे.

तुझा धाकटा


१० फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. बोध घेतला. परत आले की करपलेली भाजी रोज तुझ्याच ताटात वाढीन.

ठकी बरी आहे म्हणायची. पायांवर सूज आहे. दिवसभर छताकडे बघत असते आणि मी जरा डोळा मिटला की हळूच उठून भांडी लावायला जाते. काल पकडली तर म्हणते, "आई, मी नुसती उभी होते." उभं राहायचं नाही असंच सांगितलंय तिला. जावईबापू सकाळी डबा घेऊन छापखान्यात जातात, संध्याकाळी येतात. सगळं ठीक आहे.

एक भानगड झाली आहे. शिलाईचं हातमशीन मी हौसेने एवढ्या लांब वाहून आणलं, बाळाची झबली शिवीन म्हणून. वाटेत झाकण उघडू नये म्हणून पेटीला छोटं कुलूप घातलं, ही अक्कल माझीच. आता दाराजवळच्या खिळ्यावरून आणलेली किल्ली त्या कुलपात शिरते पण फिरत नाही. तेल सोडून पाहिलं, केसातली पिन घालून पाहिली. जावईबापू म्हणाले, तोडून टाकू. मी म्हटलं, चांगलं कुलूप आहे, तोडायचं कशाला? ह्यांना विचार, माझ्या मशीनच्या कुलपाची दुसरी किल्ली कुठे ठेवली आहे का. ते सांगतील "बघतो" आणि बघणार नाहीत, तेव्हा तू स्वतः बघ.

आता तुझ्या बोलण्यांबद्दल. मी बाईमाणूस, पण लाइनमनच्या घरात जन्म काढलाय, म्हणून लिहिते. पगारवाढ देत असतील तर घ्या रे बाबांनो. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. जोडी, कुलूप हे सगळं चांगलं, पण घरात जावयाकडे, लेकीकडे, दवाखान्याकडे बघावं लागतं. तुझ्या पोरांची लग्नं व्हायची आहेत, तेव्हा कळेल तुला.

ह्यांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात काय लिहिलं ते नवराबायकोचं आहे, खोदून विचारू नकोस. फक्त त्यांना तुझ्या मोर्च्याच्या पुढे उभं करू नकोस एवढंच सांगते.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की आमच्या निम्म्या माणसांचं म्हणणं तू एका ओळीत लिहिलंस.

कुलपाचं लिहितो म्हणालो होतो. तुला यातलं ठाऊक आहे, पण परवा टेबलावर मला हे पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगताना मलाच घाम फुटला, म्हणून लिहितो. लाइनवर काम करायचं तर रस्त्याच्या टोकाचा स्विच बंद करायचा आणि त्याच्या दांड्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. कुलपावर आणि किल्लीवर एकच नंबर ठोकलेला. माझा एकतीस, दाजींचा सतरा. किल्ली एकच, आणि ती खांबावर चढणाऱ्याच्या खिशात. तो खाली येऊन स्वतःच्या हाताने काढत नाही तोवर वीज सुरू करायची देवाची टाप नाही. आता कंपनीला हवंय की ती किल्ली कामाआधी सुपरवायझरच्या पेटीत जमा करायची. म्हणजे काम झाल्याचा फोन आला की तो येऊन कुलूप काढणार, माणूस खाली उतरायची वाट बघायला नको, वेळ वाचतो.

खडीसाखर मला म्हणाला, "अहो, घराला कुलूप लावता तेव्हा एक किल्ली बायकोकडे असतेच ना? मग विश्वास ठेवायला काय हरकत आहे?"

मी म्हटलं, "साहेब, घराला कुलूप चोरासाठी लावतो. इथे आपल्याच माणसासाठी लावतो."

मला वाटलं, आता गप्प बसेल. तो हसला, म्हणाला, "छान बोललात," आणि पुढच्या कलमाकडे वळला. मी बाजूला पाहिलं तर आमच्याच कमिटीचा माणूस पाकिटाच्या मागे वाढीव पगाराचा हिशोब करत होता.

दरम्यान कंपनीने बोलणी चालू असतानाच 'प्रयोग' काढलाय. जे स्वखुशीने एकटे जातील आणि किल्ली पेटीत ठेवतील त्यांना आत्तापासूनच वाढीव भत्ता. युनियनने सांगितलंय की मतदान होईपर्यंत कोणी नाव देऊ नये. तरी काहींनी दिलंय. कोणी कोणी दिलं त्यात पडत नाही.

दाजी ठीक आहेत. सध्या कमिटीची बैठक लांबते, त्यामुळे जेवायची गाठ पडत नाही. किल्लीचं विचारतो, पण खरं सांगू, इथे डोक्यावर एवढं आभाळ आलंय आणि तू झबल्याचं घेऊन बसलीस. शेजारणीकडून मशीन माग की.

ठकीला म्हणावं, मामा म्हणतो पडून राहा.

तुझा धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

"जेवायची गाठ पडत नाही" म्हणजे काय? एका भिंतीपलीकडे राहता. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तू लहानपणी दौत सांडलीस की असंच लिहायचास, म्हणजे बोलायचास, इकडचं तिकडचं.

ह्यांचं पत्र आलं. तीन ओळी. "खांदा बरा आहे. सोमवारपासून लाइनवर जातो. काळजी नसावी." काळजी नसावी म्हटलं की काळजी जाते अशी त्यांची समजूत आहे. लाइनवर जाणार म्हणजे तुझ्याबरोबरच ना? जोडी तुझीच असेल ना? खालून बघणारा तू असलास तर मला झोप येईल. स्पष्ट लिही.

ठकीचा रक्तदाब पुन्हा वाढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही दिवस निघाले तर बरं, नाहीतर लवकर दाखल करू. त्या बोलत होत्या आणि मी त्यांच्या बांगडीकडे बघत होते, काही डोक्यात शिरत नव्हतं. घरी येऊन ठकीला सांगितलं, सगळं छान आहे. आता मी तुला काय तोंडाने लपवू नको म्हणणार?

मशीन मागून आणायला इथे माझं कोण आहे? आणि ती किल्ली मी नीट उजेडात धरून पाहिली. पितळी, तेवढीच, पण तिच्यावर सतरा आकडा ठोकलाय. माझ्या किल्लीवर आकडा कधी होता? आणि मी अडकवलेला लाल दोरा नाही, तो मला वाटलं वाटेत तुटला. मी आपली डोळे मिटून खिळ्यावरून ओढली आणि रिक्षात बसले. हे काय आहे ते ह्यांना विचार. स्टोअरमधल्या कपाटाची असेल तर तिकडे बिचाऱ्यांचा खोळंबा व्हायचा.

हे पत्र बंद करता करता तुझं मागचं पत्र पुन्हा काढलं. दाजींचा सतरा, असं तूच लिहिलं आहेस. म्हणजे ह्यांच्या लाइनच्या कुलपाची किल्ली माझ्याजवळ आहे. हे टपालात टाकायला आत्ताच जाते. जिन्याखालच्या फोनवरून तुमच्या कचेरीला लावून पाहिलं, तिथला माणूस म्हणतो, लाइनवरच्यांना बोलावता येत नाही, निरोप ठेवतो. निरोप ठेवलाय. मिळाला का?

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

आधी हे वाच: दाजी ठीक आहेत. खरचटलंसुद्धा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेत, घोरणं इथवर ऐकू येतंय. आता बसून पुढचं वाच.

तुझा निरोप मिळाला नाही. पत्र मिळालं ते सगळं झाल्यावर, त्याच दिवशी घरी आलो तेव्हा दारात पडलं होतं.

मी तुझ्यापासून लपवलं. दाजींनी प्रयोगात नाव दिलं होतं. मी कमिटीवर आणि माझाच मेहुणा पहिल्या यादीत, त्यामुळे गेटवर लोक मला टोमणे मारत होते. ते जेवायला बसले असतानाच मी त्यांना नको ते बोललो. "तुमच्या भत्त्यापायी आमचं घोडं अडतंय," असं म्हणालो. ते ताटावरून उठले, म्हणाले, "माझी अडचण मला माहीत," आणि त्या दिवसापासून आमच्याकडे जेवायला आले नाहीत. गँगमधली माणसंही त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ते एकटे डबा खायचे, शेडच्या मागे. मी बघायचो आणि जायचो नाही.

तर सोमवारी ते पहिल्यांदा एकटे गेले. खिळ्यावरची किल्ली घेतली, चष्मा खिशात, आकडा कोण बघतो? कुलूप लावायला किल्ली लागतच नाही, नुसतं दाबलं की बसतं. स्विच बंद केला, सतरा नंबरचं कुलूप दाबलं, किल्ली सुपरवायझरच्या पेटीत टाकली आणि वळणापलीकडच्या खांबावर चढले. वळणामुळे तिथून स्विच दिसत नाही. जोडी असती तर दुसरा माणूस स्विचपाशी उभा असता. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून लाइनवर साखळी टाकायची असते, ती गाडीतच राहिली, कारण ती वाहून न्यायचं कामही दुसऱ्या माणसाचं.

तेवढ्यात दुसऱ्या रस्त्यावरच्या एकट्या माणसाचा फोन गेला, माझं काम झालं, लाइन चालू करा. कचेरीत ऐकणाऱ्याने रस्ता चुकीचा लिहिला. सुपरवायझर पेटीतली किल्ली घेऊन दाजींच्या स्विचपाशी आला. दाजींचे दोन्ही हात तेव्हा तारेवर होते.

त्याने किल्ली घातली. ती शिरली आणि फिरेना.

त्याने ताकद लावली, शिव्या दिल्या, दगडाने ठोकलं. ठोकल्याचा आवाज वळणापलीकडे गेला म्हणून दाजी पट्टा सोडून खाली आले, बघतात तर हा त्यांचं कुलूप ठोकतोय. ताई, ती तुझ्या मशीनची किल्ली होती. खरी किल्ली तुझ्याजवळ, इतक्या लांब, ठकीच्या उशाशी.

मला कळवलं तेव्हा मी टेबलावर होतो. मी खडीसाखरला न विचारता उठून चालू लागलो. पोचलो तर दाजी रस्त्याच्या कडेला बसून कोणीतरी दिलेला चहा धरून होते, पीत नव्हते. मला म्हणाले, "कुलपाला हात लावू देऊ नका."

पण गोष्ट इथे संपली असती तर मी तुला हसत हसत लिहिलं असतं. कंपनीने दाजींना नोटीस दिली. खोटी किल्ली जमा केली, हा गंभीर गुन्हा. खडीसाखर टेबलावर म्हणाला, "प्रयोग बदनाम करण्यासाठी हे मुद्दाम घडवलेलं दिसतं. कमिटीतल्या सदस्याचे नातेवाईक आहेत ना ते?" म्हणजे मी त्यांना पढवलं! ज्या माणसाशी मी बोलतसुद्धा नव्हतो, त्याच्याशी माझं कारस्थान! चौकशी होईपर्यंत त्यांना कामावरून दूर केलंय. दोष ठरला तर नोकरी जाईल, आणि निवृत्तीनंतरचं सगळंही.

कुलूप अजून दांड्यावरच आहे. रस्त्याला दुसऱ्या बाजूने वीज फिरवून दिली, त्यामुळे लोकांची गैरसोय नाही. कंपनी म्हणते, कापा. दाजी म्हणतात, माझ्या किल्लीनेच उघडेल. आमची माणसं पाळीपाळीने तिथे बसतात. पहिल्या पाळीला कोण गेलं सांगू? नाव दिल्यावर ज्याने दाजींच्या तोंडावर दार आपटलं होतं तोच. म्हणाला, आपलेच दात, आपलेच ओठ.

किल्ली लगेच पाठव. रजिस्टरने पाठव. ती त्या कुलपात फिरली तर कळेल की ही साधी अदलाबदल होती. तिच्याशिवाय आमच्या बोलण्याला किंमत नाही.

तुझा धाकटा


२ मार्च

धाकट्या,

"दाजी ठीक आहेत" ही ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. पुढचं वाचायला घेतलं आणि पुन्हा वर गेले. मग जिन्यात जाऊन बसले, ठकीला दिसू नये म्हणून. घरमालकीणबाई म्हणाल्या, वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही, चांगली आहे, आणि रडत राहिले.

आता माझं ऐक. त्यांना जे बोललास ते मला बोल. मी लिहिलं होतं त्यांना. जावईबापूंचा छापखाना बंद पडलाय. डबा घेऊन निघतात ते ठकीला कळू नये म्हणून, दिवसभर काम शोधत फिरतात. मला एकटीला सांगितलं. दवाखान्याचा खर्च ऐकला आणि छापखान्याचं न सांगता मी ह्यांना एवढंच लिहिलं, कंपनी जास्त देत असेल तर घ्या, स्टोअरमध्ये बसून भागणार नाही. मी त्यांना खांबावर चढवलं रे. वरून तुला शहाणपण शिकवलं की हातचं सोडू नका. ज्या हाताने ते पत्र लिहिलं त्याच हाताने किल्ली चुकीची उचलली. ढकललं आणि धरलंही त्याच हाताने. यात माझी पुण्याई नाही, वेंधळेपणा आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही, भीती वाटते. आकडा नीट बघून उचलली असती तर?

रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. ठकीला भात भरवते आणि हेच.

किल्ली या पत्रात नाही, वेगळ्या रजिस्टर पाकिटात आहे, कापडात शिवून. हाताने शिवली, मशीन बंदच आहे. पाकीट ह्यांच्या नावावर पाठवलंय. साहेबाच्या हातात द्यायची नाही, युनियनच्या नाही, तुझ्याही नाही. ह्यांच्याच हातात. सोबत मी काय घडलं ते लिहून सही केली आहे, आणि जावईबापूंनी कुलूप कसं फिरत नव्हतं त्याची साक्ष घातली आहे. त्या गोड बोलणाऱ्याला सांग, कारस्थान करायला माझ्या नवऱ्याला आधी तोंड उघडावं लागेल, आणि लग्न झाल्यापासून मी त्याची वाट बघते आहे.

ह्यांना जेवायला बोलाव. बोलावून येणार नाहीत, तूच ताट घेऊन जा.

ठकीला उद्या दाखल करणार.

ताई


१२ मार्च

ताई,

तुझ्या जावयाचा फोन कचेरीत आला आणि या वेळी निरोप मिळाला, कारण आता निरोप्याला गँगने दम दिलाय. मुलगी झाली, दोघी सुखरूप! मी एका फटक्यात आजोबा झालो. पेढ्यांऐवजी गेटवर सगळ्यांना चहा पाजला. आमची सात माणसं स्विचपाशी होती, त्यांना किटलीतून नेऊन दिला.

तू सांगितल्याप्रमाणे ताट घेऊन गेलो होतो. दाजींनी दार उघडलं, ताटाकडे पाहिलं, म्हणाले, "करपली नाही वाटतं आज." बस, एवढंच. माफी मागायची पाठ करून गेलो होतो, ती राहूनच गेली. दोघं जेवलो.

पाकीट आलं त्या दिवशी चौकशी होती. दाजींनी त्यातले कागद तेवढे काढले, किल्लीचं शिवलेलं कापड उसवलं नाही, तसंच खिशात घालून टेबलावर आले. हात नसलेल्या खुर्चीवर टोकाला बसले. खडीसाखरने नोटीस वाचली, मग तुझं लिखाण वाचलं, मग म्हणाला, "पत्नीची साक्ष. ठीक आहे. पण ती कोणत्याही किल्लीबद्दल असू शकते." मी उठणार तेवढ्यात दाजी म्हणाले, "कुलूप जागेवर आहे. चला."

ताई, सगळे गेलो. कोट घातलेले तीन साहेब, सुपरवायझर, आम्ही कमिटीवाले, वाटेतली माणसंही मागे लागली. दाजींनी चष्मा काढून डोळ्यावर लावला, तुझे टाके ब्लेडने एकेक कापले. इतका वेळ लावला की माझा जीव टांगणीला लागला. दगडाने ठोकल्यामुळे कुलूप बिघडलं असेल तर? ती फिरलीच नाही तर? माझ्या शेजारी उभा असलेला तो सुपरवायझर कुलपावरून नजर काढत नव्हता. बिचारा, त्यालाही झोप नाही. किल्ली घातली. एकदा अडली. दाजींनी बाहेर काढून फुंकली, पुन्हा घातली, आणि खट् आवाज झाला.

सुपरवायझर एकदम म्हणाला, "त्या दिवशी ही माझ्याकडे असती तर मी उघडलं असतं." साहेबासमोर म्हणाला. पुन्हा म्हणाला, "उघडलंच असतं मी." आणि तिथेच खाली बसला.

नोटीस मागे घेतली. पुढची बोलणी सोपी झाली असं समजू नकोस, खडीसाखर चिवट आहे. पण किल्लीपेटीचं कलम गेलं. लाइनवर जोडीच जाईल, एकटा माणूस फक्त मीटर बघायला. बदल्यात पगारवाढ कापली, आधी देत होते त्याच्या निम्म्याहून जरा वर मिळाली. मतदान झालं तेव्हा मला वाटलं, हरतो. एका माणसाच्या किल्लीपायी आमचा पगार गेला, असं म्हणणारेही होते, आणि त्यांची घरंही घरंच आहेत, त्यांना काय उत्तर देणार? मोजणी संपेपर्यंत मी नखं खाल्ली. थोडक्यात पास झालं. करारावर सह्या झाल्या.

जावईबापूंसाठी इथल्या एका छापखान्यात शब्द टाकलाय. बघू.

दाजी शेजारी बसून काहीतरी लिहितायत. लपवून लिहितायत. मला म्हणाले, एकाच पाकिटात घाल, पण वाचू नकोस. तुला शप्पथ, वाचलं नाही.

तुझा धाकटा (आता आजोबा)


ठकीच्या आईस,

ठकी आणि छोटी बऱ्या आहेत हे कळून बरं वाटलं.

तू पत्रात जे लिहिलंस ते मनाला लावून घेऊ नको. तू लिहिलं नसतं तरी मी नाव देणारच होतो. जावयाने मला आधीच कळवलं होतं. तुला माहीत नाही असं वाटून मी बोललो नाही.

एक गोष्ट धाकट्याला सांगितली नाही. खाली आलो तेव्हा सुपरवायझरने ती किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाला, तुमचं कुलूप खराब आहे. मी बघितली तर तुझी. तिच्या भोकात तू अडकवलेला लाल दोरा होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं काय झालं असतं ते. वर असताना भीती वाटली नाही. तिथे रस्त्यावर वाटली. तू उभी आहेस असं वाटलं, आणि मला तुझ्याशी बोलायचं होतं, पण तू नव्हतीस.

म्हणून हे लिहितो. फार लिहिता येत नाही.

तुझी किल्ली सोबत आहे. दोरा तसाच ठेवला आहे. छोटीची झबली शिव.

दाराजवळ आता दुसरा खिळा ठोकला आहे. डावा माझा, उजवा तुझा. उजवा रिकामा आहे, लवकर ये.